रूप बदलायच्या आधी माणसं बदलणारा बोवी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवीवर लिहिलं आणि त्यानंतर पत्रं, मेल यायचे काही थांबेनात. कुणी त्याला पहिल्यांदाच ऐकलं, कुणी चाळीस वर्षांपासूनचे फॅन, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पत्रात दोन गोष्टी होत्याच, हा माणूस सारखा बदलत कसा राहिला आणि स्टेजवर आला की नजर का हटायची नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं थोडी छोटी केलीत.

ताई, माझा रूममेट म्हणतो बोवी म्हणजे नुसता मेकअप आणि कपडे, दर दोन वर्षांनी नवा अवतार घ्यायचा आणि लोकांना गुंगवायचं, बाकी काही नाही. मला तो जाम आवडतो पण वाद घालताना मुद्दाच सुचत नाही. काय सांगू त्याला?
*कॉलेजवाला, कोल्हापूर*

त्याला सांग की कपडे सगळ्यात शेवटी यायचे. आधी बोवी काय करायचा तर सोबतची माणसं बदलायचा, शहर बदलायचा, काम करायची पद्धत बदलायचा, आणि मग त्यातून जे गाणं निघेल त्याला शोभेल असं रूप. आपल्याला फोटोत आधी रूप दिसतं म्हणून उलटं वाटतं.

हे बघ, १९७२ मधे बोवी झिगी स्टारडस्ट नावाचं पात्र बनून आला, लाल केस, भुवया उडवलेल्या, परग्रहावरचा रॉकस्टार. इंग्लंड वेडं झालं. तेव्हा सोबत मिक रॉन्सनची गिटार होती, आणि तो आवाज जितका बोवीचा तितकाच रॉन्सनचा आहे असं मी म्हणेन. दुसरा कुणी असता तर दहा वर्षं झिगीवर काढली असती. याने ३ जुलै १९७३ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधे शेवटच्या गाण्याआधी माइकवर सांगून टाकलं की हा आमचा शेवटचा शो. दुकान तुफान चालू असताना मालकाने स्वतःच्या हाताने कुलूप लावावं तसं. बेसवाला ट्रेव्हर बोल्डर आणि ड्रमर वूडी वूडमन्सी स्टेजवर उभे होते आणि त्यांनाही ते तिथेच कळलं, लोकांबरोबर. ती गोष्ट मला आजही खटकते, सोबत्यांना असं वागवू नये.

मग १९७४. अमेरिकेत ‘डायमंड डॉग्ज’ अल्बमचा दौरा, स्टेजवर अख्खं पडकं शहर उभं केलेलं, हलणारा पूल वगैरे, प्रचंड खर्चाचा सेट. दौरा चालू असताना ऑगस्टमधे तो फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत गेला, तिथे सोल, म्हणजे काळ्या अमेरिकन कलाकारांचं संगीत, बनायचं, आणि त्याच्या डोक्यात ते इतकं भरलं की पुढच्या टप्प्यात तो सगळा सेट काढूनच टाकला आणि सोल बँड घेऊन उभा राहिला! तिकीट काढून डायमंड डॉग्ज बघायला आलेल्यांना भलतंच काहीतरी बघायला मिळालं. पण त्याच दिवसांत गिटारवर कार्लोस अलोमार आला, मागे गायला ल्यूथर व्हँड्रॉस, ज्याला तेव्हा कुणी ओळखतही नव्हतं, आणि बीटल्सवाला जॉन लेनन आणि अलोमारबरोबर बनवलेलं ‘फेम’ १९७५ मधे अमेरिकेत एक नंबरवर गेलं, बोवीचं तिथलं पहिलं.

आणि ते गेल्यावर त्याने काय केलं? ‘फेम’सारखी अजून दहा गाणी करायची सोडून १९७६ मधे युरोप गाठला, पश्चिम बर्लिनमधे शोनेबर्ग भागात साधा फ्लॅट घेतला, रॉक गायक इग्गी पॉप सोबत, आणि संगीतकार ब्रायन ईनो, निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी यांना घेऊन ‘लो’ अल्बम केला ज्याच्या दुसऱ्या बाजूला धड शब्दच नाहीत. रेकॉर्ड कंपनी नाराज. त्याला फरक पडला नाही.

पद्धत बदलणं म्हणजे काय त्याचं एक उदाहरण देते, रूममेटला हे नक्की सांग. १९७९च्या ‘लॉजर’ अल्बममधे ‘बॉइज कीप स्विंगिंग’ नावाचं गाणं आहे, त्यात गिटारवाल्या अलोमारला ड्रमवर बसवलं आणि ड्रमर डेनिस डेव्हिसच्या हातात बेस दिला, मुद्दाम, म्हणजे हात सवयीने वाजवणारच नाहीत. ऐकताना तो कच्चा, शाळेच्या गॅदरिंगमधल्या पोरांच्या बँडसारखा उत्साह कळतो, आणि ते गाणंच त्या वयाच्या पोरांबद्दल आहे. मेकअपने हे होत नाही ना.

बोवीच्या डोळ्यांचे रंग खरंच वेगवेगळे होते का?
*एक वाचक, नाशिक*

नाही. शाळेत असताना १९६२ मधे जॉर्ज अंडरवुड या मित्राशी एका मुलीवरून भांडण झालं, त्याने डोळ्यावर ठोसा मारला आणि डाव्या डोळ्याची बाहुली कायमची मोठी राहिली, म्हणून तो डोळा जास्त गडद दिसतो. मैत्री मात्र जन्मभर टिकली, अंडरवुड पुढे चित्रकार झाला आणि बोवीच्या सुरुवातीच्या अल्बम कव्हर्सवर त्याने कामही केलं.

मी १९८३ मधे न्यूयॉर्कला नोकरीला होतो, मॅडिसन स्क्वेअर गार्डनला बोवीला पाहिलं. फिक्या रंगाचा सूट, सोनेरी केस, फार काही उड्या मारत नव्हता, बराच वेळ तर नुसता उभा होता, पण एवढ्या मोठ्या हॉलमधे सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. आजही मुलांना ते सांगताना अंगावर काटा येतो. हे येतं कुठून? जन्मजात असतं का?
*न्यू जर्सीहून एक काका*

काका, हेवा वाटला तुमचा, मनापासून!

थोडं जन्मजात असेल, पण बोवीच्या बाबतीत बरंचसं शिकलेलं आहे आणि कुठे शिकला तेही माहीत आहे. १९६७च्या सुमाराला, म्हणजे त्याला कुणी विचारत नव्हतं तेव्हा, तो लिंडसे केम्प या माइम कलाकाराकडे शिकायला गेला, त्याच्या नाटकात कामही केलं. एक शब्द न बोलता नुसत्या हाताने, मानेने, खांद्याने पाहणाऱ्याला धरून ठेवायचं, हे त्या तालमीतलं. हॅमरस्मिथच्या त्या शोची दिग्दर्शक पेनेबेकरने फिल्म केलीय, त्यात मधेच गिटारचा लांबलचक भाग चालू असताना बोवी हवेत तळवे टेकवत एक न दिसणारी भिंत चाचपतो, चाचपत चाचपत त्याला एक फट सापडते, बोटं घालून तो ती फाकवतो आणि बाहेर येतो. सेट नाही, काही नाही, पण भिंत दिसते. ज्याला हे येतं त्याला नुसतं उभं राहूनही पुरतं, कारण कधी हलायचं नाही हे त्याला कळलेलं असतं.

काबुकी या जपानी नाट्यप्रकाराचाही त्याच्यावर फार प्रभाव होता. जपानी फॅशन डिझायनर कानसाई यामामोटोने १९७३च्या दौऱ्यासाठी कपडे केले, त्यातला तो काळा-पांढरा पट्ट्यांचा, पायांना कमानीसारखा फुगलेला सूट तुम्ही फोटोत पाहिला असेल. काबुकीत जसं प्रेक्षकांच्या समोरच एका ओढीत वरचा वेष निघून आतला दिसतो तसं याचं व्हायचं, कपड्यांना टिचबटणं लावलेली, मदतनीस दोन्ही बाजूंनी ओढायचे की खालून दुसराच माणूस उभा.

आणि १९८० मधे त्याने ‘द एलिफंट मॅन’ नाटकात ब्रॉडवेवर काम केलं, शरीर अत्यंत विद्रूप झालेल्या माणसाची भूमिका, आणि त्या नाटकात चेहऱ्यावर काहीच लावत नाहीत, सगळं वेडंवाकडेपण अंगाच्या ठेवणीतून आणि बोलण्यातून दाखवायचं. जगातला सगळ्यात जास्त मेकअपसाठी ओळखला जाणारा गायक मेकअपशिवाय रोज रात्री उभा राहिला. तुम्ही १९८३ मधे पाहिला तो बोवी हे सगळं करून आलेला होता काका.

अजून एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. स्टेजवर तो दुसऱ्याला जागा द्यायचा. गिटारवाला सोलो वाजवत असेल तर हा बाजूला होऊन त्याच्याकडे बघत राहायचा, आणि मग आपणही तिकडेच बघतो. १९८५च्या लाइव्ह एड या दुष्काळ-मदतीच्या कार्यक्रमात वेम्बली स्टेडियमवर प्रत्येकाला मोजून मिनिटं दिलेली, त्यात याने स्वतःचं एक गाणं कमी केलं आणि त्या वेळात इथिओपियातल्या दुष्काळाची फिल्म दाखवायला लावली. स्टेडियम गप्प झालं, आणि मदतीचे फोन त्यानंतर प्रचंड वाढले. स्टेजवरची मिनिटं सोडून देणारा स्टार किती जणांनी पाहिलाय?

तुम्ही लिहिलं होतंत की १९७२च्या टीव्हीवरच्या एका गाण्याने इंग्लंडमधली एक पिढी बदलली. मी क्लिप पाहिली, गाणं छान आहे पण एवढं काय त्यात ते कळलं नाही. जरा उलगडून सांगाल?
*शिक्षिका, लातूर*

‘टॉप ऑफ द पॉप्स’ वर ६ जुलै १९७२ला गुरुवारी लागलं ते, गाणं ‘स्टारमन’. आज मोबाइलवर पाहताना नाही कळणार, कारण आपण ते एकटे पाहतो. तेव्हा इंग्लंडात टीव्हीवर तीनच चॅनेल, आणि संध्याकाळी अख्खं घर, आईवडील, आजी, पोरं, एकाच खोलीत हा कार्यक्रम बघायचे. त्या खोलीत अचानक निळी गिटार घेतलेला, लालभडक केसांचा, रंगीबेरंगी घट्ट सूटातला माणूस आला आणि अगदी मजेत, काही घाई नसल्यासारखा हसत गाऊ लागला.

दोन क्षण परत बघा. एक, मधे तो थेट कॅमेऱ्याकडे बघून बोट फिरवतो, जणू घरात बसलेल्या एकाच कुणाला तरी बोलावतोय. कितीतरी लोकांनी मोठेपणी सांगितलंय की त्यांना वाटलं ते बोट आपल्याकडेच होतं, आणि हे सांगणाऱ्यांत पुढे स्वतः बँड काढलेले लोक आहेत, स्पँडाऊ बॅलेचा गॅरी केम्प, एको अँड द बनीमेनचा इयन मॅककलक. दुसरा क्षण, ध्रुवपदाला बोवी मिक रॉन्सनच्या खांद्यावर सहज हात टाकतो आणि दोघं एकाच माइकवर गातात. बस एवढंच. पण इंग्लंडमधे पुरुषांमधले संबंध कायद्याने गुन्हा नसणं हे १९६७ मधे झालेलं, जेमतेम पाच वर्षं, आणि १९७२च्याच जानेवारीत बोवीने एका संगीत साप्ताहिकाला आपण गे आहोत असं उघड सांगितलेलं. (पुढे तो याबद्दल वेगवेगळं बोलत राहिला, ते असो.) दिवाणखान्यात वडिलांना तो हात बघवत नव्हता आणि कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या मुलाला मात्र पहिल्यांदा वाटलं की आपण एकटे नाही. तुम्ही शिक्षिका आहात, वर्गातला असा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणून क्लिप पाहा, मला खात्री आहे यावेळी वेगळी दिसेल.

इतकं कौतुक करता पण १९७६ मधे फॅसिझमबद्दल तो जे बरळला त्याचं काय? फॅन लोक हे सोयीस्करपणे गाळतात.
*एक वाचक, पुणे*

गाळायचं नाहीच. त्यावेळी तो ‘थिन व्हाइट ड्यूक’ या अवतारात होता, पांढरा शर्ट, काळं जाकीट, स्टेजवर नुसता पांढरा प्रकाश, आणि खऱ्या आयुष्यात लॉस एंजेलिसमधे कोकेनच्या इतका आहारी गेलेला की ‘स्टेशन टू स्टेशन’ अल्बम केल्याचं आपल्याला नीट आठवतच नाही असं तो स्वतः सांगायचा. त्या काळात मुलाखतींमधे हिटलरबद्दल वगैरे जे बोलला ते भयंकर होतं, नशा हे कारण झालं पण त्याने ते बोलणं चांगलं होत नाही. नंतर त्याने ते चूक होतं हे स्पष्ट म्हटलं, आणि मला जास्त मोलाचं वाटतं ते त्याने पुढे केलेलं. ड्रग्जपासून लांब जायचं म्हणून तर तो बर्लिनला गेला. आणि १९८३ मधे एमटीव्हीच्या मुलाखतीत मुलाखतकारालाच त्याने विचारलं की तुमच्या चॅनेलवर काळे कलाकार इतके कमी का दिसतात, आणि समोरचा सारवासारव करत राहिला तरी याने विषय सोडला नाही. तेव्हा बाकीचे बहुतेक गोरे स्टार गप्प होते.

सतत नवीन होत राहायची किंमत असते आणि ती १९७६ मधे दिसते, भूमिका अंगात इतकी भिनली की परतीची वाट सापडेना.

पडला कधी की नाही हा माणूस?
*इचलकरंजी*

पडला की. १९८३च्या ‘लेट्स डान्स’ने निर्माता नाइल रॉजर्सच्या हातून त्याला सगळ्यात मोठं यश दिलं आणि त्यानंतरची चारपाच वर्षं त्याची सगळ्यात कमकुवत. १९८७चा अल्बम त्याला स्वतःलाच पुढे आवडेनासा झाला, त्या दौऱ्यात स्टेजवर डोक्यावर कोळी-कीटकाचा महाकाय सेट होता, आणि त्या कोळ्याखाली गाणी हरवली. माझ्या मते कारण सरळ आहे, त्या काळात तो पहिल्यांदाच नव्या श्रोत्यांना काय आवडेल याचा विचार करून गाणी करत होता. मग १९८८ मधे त्याने टिन मशीन नावाचा बँड काढला आणि त्यात चौघांतला एक म्हणून उभा राहिला. अल्बम फार थोर नाहीत, पण त्यानेच तो परत हलला.

आमच्या पाचगणीत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी आणि बोवी, दोघांनी एकत्र गायलं ना? किस्सा सांगा की!
*पाचगणीहून*

सांगते! सेंट पीटर्समधे शिकलेला, तिथेच ‘द हेक्टिक्स’ या शाळेच्या बँडमधे पियानो वाजवणारा फारुख बलसारा, म्हणजे आपला फ्रेडी, १९८१ मधे क्वीन या आपल्या बँडबरोबर स्वित्झर्लंडच्या माँत्रोमधे रेकॉर्डिंग करत होता, बोवी तिथे दुसऱ्याच एका गाण्यात आवाज द्यायला आला आणि नुसतं वाजवता वाजवता ‘अंडर प्रेशर’ उभं राहिलं. नंतर मिक्सिंगवरून बरीच ओढाताण झाली असं क्वीनचा गिटारवाला ब्रायन मेने सांगितलंय, दोन्ही बाजूंना मोठी माणसं, होणारच. गाणं ब्रिटनमधे एक नंबरला गेलं, पण स्टेजवर दोघांनी ते एकत्र कधीच गायलं नाही. फ्रेडी गेल्यावर २० एप्रिल १९९२ला वेम्बलीच्या श्रद्धांजली कार्यक्रमात बोवीने ते गायिका अ‍ॅनी लेनॉक्सबरोबर गायलं, मग ‘हीरोज’ला त्याच्या बाजूला गिटार घेऊन मिक रॉन्सन, तोच झिगीवाला, तेव्हा कॅन्सरने आजारी. पुढच्या वर्षी तोही गेला. आणि गाणी झाल्यावर बोवी त्या भरलेल्या स्टेडियमसमोर गुडघ्यावर बसला आणि शांतपणे प्रार्थना म्हणाला. क्लिप मिळते, जरूर बघा.

मी आताच ऐकायला सुरुवात केलीय, एवढे अल्बम आहेत, कुठून सुरू करू?
*आयटीवाली, हिंजवडी*

‘हंकी डोरी’ (१९७१) पासून, चाली लगेच लक्षात राहतात. मग ‘झिगी’, मग उडी मारून ‘हीरोज’ (१९७७). ‘हीरोज’ हे गाणं हेडफोन लावूनच ऐक. बर्लिनमधला हान्सा स्टुडिओ, पूर्व आणि पश्चिम बर्लिन तोडणाऱ्या भिंतीच्या अगदी जवळ, आणि त्या मोठ्या हॉलमधे व्हिस्कॉन्टीने बोवीसाठी तीन माइक लावले, एक तोंडाजवळ, दुसरा वीसेक फुटांवर, तिसरा पन्नासेक फुटांवर, आणि लांबचे दोन अशी सोय करून ठेवले की आवाज तेवढा चढला तरच ते उघडतील. म्हणून सुरुवातीला तो कानाशी बोलतो आणि शेवटी अख्खा हॉल त्याच्याबरोबर ओरडतोय असं वाटतं. त्याला लांबचा माइक उघडायचा असेल तर खरंच जीव तोडून गावं लागत होतं. १९८७ मधे हेच गाणं त्याने राइशस्टागसमोर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीसमोर, भिंतीला लागून गायलं तेव्हा पलीकडे पूर्व बर्लिनमधली पोरं ऐकायला जमली होती.

आणि शेवटचा ‘ब्लॅकस्टार’ सवडीने ऐक. ८ जानेवारी २०१६ला त्याच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी आला आणि दोन दिवसांनी तो गेला, आजारपण फार थोड्यांना माहीत होतं. पण रडायसाठी म्हणून ऐकू नकोस, त्यात तो पुन्हा तेच करतोय जे आयुष्यभर केलं. न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या बारमधे डॉनी मॅककॅस्लिनचा जॅझ ग्रुप ऐकला, आवडला, आणि रॉकवाले बाजूला ठेवून त्या जॅझवाल्यांना घेऊन अल्बम केला. कॅन्सरवर उपचार चालू असताना नवीन लोकांबरोबर नवीन प्रकारचं वाजवायला बसलेला माणूस आहे तो. मार्क जुलियानाचे ड्रम ऐक त्यात, बाई गं, काय वाजवलंय!

मुलगा लंडनला असतो, उन्हाळ्यात जाणार आहोत. बोवीचे ते कपडे वगैरे कुठे बघायला मिळतील का?
*सौ. वाचक, ठाणे*

मिळतील, आणि फुकट. पूर्व लंडनला ऑलिम्पिक पार्कमधे व्ही अँड ए म्युझियमचं ईस्ट स्टोअरहाउस आहे, तिथे सप्टेंबर २०२५ मधे डेव्हिड बोवी सेंटर उघडलंय, त्याचे कपडे, वाद्यं, हाताने लिहिलेले गाण्यांचे कागद, असा सगळा संग्रह तिथे आहे. प्रदर्शनात मांडलेलं तर दिसतंच, पण संग्रहातली एखादी ठरावीक वस्तू बघायचीय असं आधी ऑनलाइन बुक केलं तर ती तुमच्यासमोर काढून ठेवतात. तेव्हा मुलाला आत्ताच सांगून ठेवा, बुकिंग बरंच आधी करावं लागतं आणि उन्हाळ्यात गर्दी असते. कानसाई यामामोटोचा एखादा सूट मागवायला जमला तर शिवण बघा, टिचबटणं कुठे लावलीत ते बघा, आणि परत आल्यावर मला चार ओळी नक्की लिहा, पुढच्या सदरात छापू.